परळच्या प्लेग प्रयोगशाळेतील कर्मचारी-प्रशिक्षण आणि उत्पादकता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आरोग्यसेवेच्या क्षेत्रात मनुष्यबळाचे प्रशिक्षण आणि उत्पादकता यांची चर्चा अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत केली जाते. दर कर्मचाऱ्यामागे तपासलेले रुग्ण, दर दिवशी तयार झालेल्या मात्रा, दर खाटेमागील परिचारिकांचे प्रमाण अशा मोजमापांवर या चर्चेचा भर असतो. ही मोजमापे निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु ज्या कार्यस्थळी एका हाताकडून झालेली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, तेथे उत्पादकता म्हणजे केवळ संख्या नव्हे, हे भान या परिभाषेत अनेकदा हरवते. हे भान भारतात प्रथम पुस्तकांतून आले नाही. त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली, आणि त्या घटनेचा एक धागा मुंबईतील परळ या गिरणगावच्या वस्तीशी जोडलेला आहे.

परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. प्लेगप्रतिबंधक लसीचा इतिहास आजवर प्रामुख्याने वैद्यकीय शोधाचा इतिहास म्हणून किंवा एका शास्त्रज्ञावर झालेल्या अन्यायाची कथा म्हणून लिहिला गेला आहे. सदर लेखात त्याच इतिहासाकडे एका कार्यस्थळाचा इतिहास म्हणून पाहिले आहे. लस कोणी शोधली यापेक्षा ती रोज कोण तयार करीत होते, ते काम त्यांना कोणी व कसे शिकविले, मागणी वाढल्यावर कामाच्या पद्धतीत काय बदल झाले आणि चूक घडल्यावर जबाबदारी कोणावर टाकण्यात आली, हे प्रश्न येथे केंद्रस्थानी आहेत.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) परळ प्रयोगशाळेच्या आरंभीच्या काळातील कामाचे स्वरूप व मनुष्यबळाची स्थिती समजून घेणे.
२) १९०२ मधील मुल्कोवाल दुर्घटनेचा कर्मचारी-प्रशिक्षणाच्या दृष्टीने विचार करणे.
३) समकालीन अमेरिकी घटनेशी तुलना करून, दुर्घटनेनंतर संस्थांत्मक सुधारणा का व केव्हा होते याचा शोध घेणे.
४) परळ परिसरातील पुढील काळातील आरोग्य-संस्थांच्या संदर्भात या अनुभवाचे मूल्यमापन करणे.

अभ्यासाचा कालखंड साधारणपणे १८९६ ते १९४९ हा आहे.

एक कारकून आणि तीन शिपाई

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. रोगाच्या भीतीबरोबर शहरात सक्तीच्या उपाययोजनांची भीतीही पसरली. घरझडती, विलगीकरण, रुग्णाला कुटुंबापासून तोडून रुग्णालयात नेणे यांमुळे लोकांचा रोष वाढत गेला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराच्या सुमारे सव्वाआठ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे लोक मुंबई सोडून गेले होते. ज्या शहरात गिरणी चालवायला माणूस मिळेना, तेथे प्लेगच्या जंतूंजवळ बसून काम करायला माणूस मिळणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते.

अशा स्थितीत ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले हाफकिन १८९३ पासून भारतात पटकीच्या लसीची टोचणी करीत होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा मिळाली. ती जागा म्हणजे एक व्हरांडावजा खोली होती. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई देण्यात आले. यांपैकी कोणीही जंतुशास्त्र शिकलेले नव्हते. तीन महिन्यांच्या अखंड श्रमात एका सहायकाची मानसिक स्थिती ढासळली आणि दोघे काम सोडून गेले, असे या काळाविषयी नोंदले गेले आहे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

या प्रसंगाचे वर्णन करताना हाफकिन यांच्या धैर्याचा गौरव केला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र त्या खोलीतील इतर माणसांकडे सहसा लक्ष जात नाही. भारतातील पहिली प्लेग लस ज्या हातांनी तयार झाली, त्यांतील बहुतेक हात कारकुनी व शिपाईगिरीसाठी नेमलेले होते. त्यांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष कामातच झाले. सोबतीने बसून, पाहून, करून शिकणे हीच त्या काळची एकमेव पद्धत होती. ही पद्धत छोट्या जागेत, गुरूच्या नजरेखाली चालू शकते. काम वाढल्यावर आणि गुरू दूर गेल्यावर ती कशी टिकणार, हा प्रश्न मात्र तेव्हाच निर्माण झाला होता.

लसनिर्मितीची प्रक्रिया आणि कामाचे स्वरूप

कामगारांना काय शिकावे लागत होते हे समजण्यासाठी प्रक्रियेचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. हाफकिन यांच्या मूळ पद्धतीत प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढविले जात. गाय व डुक्कर यांचे मांस टाळून बोकडाच्या मांसाचा उपयोग करण्यात आला. लोकांच्या धार्मिक भावनांचा विचार त्यामागे होता. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा तेलाचे थेंब तरंगत ठेवले जात. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत असे. गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या कांड्यांसारखी ही वाढ दिसे आणि तीच जंतूंची ओळख पटविणारी खूण मानली जाई. ठरावीक दिवसांनी काचपात्र हलवून ही वाढ तळाशी पाडायची, की वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. असा क्रम पाच ते सहा आठवडे चाले. त्यानंतर द्रव सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियसपर्यंत एक तास तापवून जंतू मारले जात, त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळले जाई आणि लस बाटल्यांत भरून बंद केली जाई.

या वर्णनातून कामाची तीन वैशिष्ट्ये स्पष्ट होतात. पहिले म्हणजे, प्रक्रिया दीर्घ असून तिला घाई सोसत नाही. दुसरे, तिच्यातील बहुतेक टप्पे हाताचे आहेत : पात्रे धुणे, वाफेत ठेवणे, बूच बसविणे, हलविणे, भरणे. ही कामे वरवर सामान्य वाटतात, परंतु त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी बाहेरचा जंतू आत शिरू शकतो. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे आहे. चूक झाली तर ती तत्क्षणी डोळ्यांना दिसत नाही. ती आठवड्यांनंतर, शेकडो मैलांवर, दुसऱ्या कोणाच्या शरीरात प्रकट होते.

याच संदर्भात परळच्या परिसराकडे पाहणे उद्बोधक ठरते. हाफकिन यांची प्रयोगशाळा काही काळ आगाखान यांच्या खुश्रू लॉज या वास्तूत होती. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिचे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये उद्घाटन झाले. गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंटला हलल्यानंतर रिकाम्या पडलेल्या या वास्तूचा प्लेगच्या साथीत रुग्णालय म्हणून उपयोग झालेला होता. भोवती कापड गिरण्यांची वस्ती होती. गिरण्यांतही औपचारिक प्रशिक्षण नव्हते. कामगाराची भरती जॉबरमार्फत होई आणि नवखा माणूस नात्यातल्या किंवा गावच्या जाणत्या कामगाराजवळ उभा राहून साचा चालवायला शिके. परंतु गिरणीत धागा तुटला तर तो त्याच क्षणी दिसतो. कामगार तो जोडतो आणि चुकीतून शिकतो. लसीच्या प्रयोगशाळेत चूक आणि तिचा परिणाम यांच्यात एवढे अंतर असते की करणाऱ्याला त्या चुकीतून शिकण्याची संधीच मिळत नाही. म्हणून गिरणीतील ‘पाहून शिकणे’ तेथे काही अंशी पुरेसे ठरले, तरी प्रयोगशाळेत ते पुरेसे ठरू शकत नव्हते. तेथे लेखी पद्धती, पडताळणी आणि प्रत्येक बदलाबरोबर नव्याने शिकविणे यांची गरज होती.

भारतीय प्लेग आयोगाने (१८९८–९९) लसीमुळे रोगाचे प्रमाण घटते, हे मान्य केले. मात्र लसीच्या प्रमाणीकरणातील उणिवांकडेही लक्ष वेधले. उत्पादनाच्या गुणवत्तेचा प्रश्न अशा रीतीने दुर्घटनेपूर्वीच उपस्थित झालेला होता.

वाढती मागणी आणि मुल्कोवाल

१९०२ साली पंजाबात प्लेगचा जोर वाढला आणि तेथील सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचणी करण्याचे ठरविले. त्यासाठी लाखो मात्रांची मागणी परळकडे आली. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या जुन्या पद्धतीने ती पूर्ण होणे अवघड होते. तेव्हा जंतू मांसरसाऐवजी आगरावर वाढवून लवकर लस तयार करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तसेच कार्बोलिक आम्ल वगळून निर्जंतुकीकरणासाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये केवळ उष्णतेची पद्धत वापरात होती. ब्रिटिश वैद्यकीय वर्तुळात ती फारशी परिचित नव्हती.

आजच्या भाषेत सांगायचे तर हा उत्पादकता वाढविण्याचा निर्णय होता. तो अविचाराने घेतलेला नव्हता. दररोज माणसे मरत असताना लस उशिरा पोहोचणे हाही एक प्रकारचा अपराधच ठरला असता. परंतु प्रक्रियेतील एक पायरी गाळली जाते, तेव्हा उरलेल्या पायऱ्यांवरील भार वाढतो. अर्धा टक्का कार्बोलिकमुळे धनुर्वाताचे बीजाणू मरतातच असे नाही, परंतु बाहेरून शिरलेल्या जंतूंच्या वाढीला त्यामुळे अटकाव होतो. म्हणजे कर्मचाऱ्याच्या हातून झालेल्या छोट्या चुकीला सावरणारा तो एक आधार होता. हा आधार काढून घेतल्यावर हाताची अचूकता पूर्वीपेक्षा अधिक असणे आवश्यक झाले. ही अपेक्षा परळमध्ये बाटली भरणाऱ्यापासून पंजाबातल्या खेड्यात ती उघडणाऱ्यापर्यंत साखळीतील प्रत्येकाला लागू होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी ‘५३-एन’ या बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. अन्य बाटल्यांतील लस घेतलेल्यांना हा रोग झाला नाही. ती बाटली ४१ दिवसांपूर्वी परळ येथे भरली गेली होती. बाटली उघडण्यासाठी वापरलेला चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेशा रीतीने निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, ही बाबही पुढे आली.

चौकशी आणि जबाबदारीची निश्चिती

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. बाटली मुल्कोवाल येथे उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्ये, दूषित झाली असावी असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक वगळण्याच्या निर्णयावरही ठपका ठेवण्यात आला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले.

या निष्कर्षाला शास्त्रीय वर्तुळातून आव्हान मिळाले. धनुर्वाताचे जंतू बाटलीत ४१ दिवस वाढत असते तर द्रवाला दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडताना तसा वास आल्याचे आढळले नव्हते. तसेच जंतूंचे विष आधीच साठलेले असते तर लक्षणे अधिक लवकर दिसली असती. या मुद्द्यांच्या आधारे रोनाल्ड रॉस व डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध होत नसल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर हाफकिन भारतात परतले. मात्र परळचे पद त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात त्यांनी मर्यादित स्वरूपाचे संशोधन केले, १९१५ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हाफकिन यांना उशिरा का होईना न्याय मिळाला, या समाधानावर हा वृत्तान्त सामान्यतः संपतो. परंतु कर्मचारी-प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास तो येथे संपत नाही. आयोगाचा निष्कर्ष खरा मानला तर दोष परळच्या प्रमुखाकडे जातो. बचावपक्षाचे म्हणणे खरे मानले तर तो मुल्कोवाल येथे चिमटा हाताळणाऱ्या सहायकाकडे जातो. दोन्ही बाजूंनी एका व्यक्तीला दोषी किंवा निर्दोष ठरविण्यातच शक्ती खर्ची घातली. या दोन टोकांच्या मध्ये जी व्यवस्था होती, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

चिमटा जमिनीवर पडला ही चूक नव्हे. हातातून वस्तू पडतच असतात. तो पुन्हा वापरण्यापूर्वी काय करावयाचे, हे त्या हाताला माहीत असणे हा प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, साध्या जंतुनाशकाने ते सहज मरत नाहीत, म्हणून मातीला लागलेले उपकरण ज्वालेवर नीट तापविल्याशिवाय वापरू नये, हे ज्ञान पॅरिसच्या व लंडनच्या प्रयोगशाळांत रुळलेले होते. ते परळपासून मुल्कोवालपर्यंत पोहोचविणे हे कोणाचे काम होते? या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेत कोठेही निश्चित झालेले नव्हते. लस रेल्वेने पाठविता येत होती. तिच्यासोबत कौशल्य पाठविण्याची सोय मात्र नव्हती.

म्हणूनच बाटली नेमकी कोठे दूषित झाली या वादाचा निकाल कसाही लागला, तरी मूळ धडा बदलत नाही. पद्धत बदलली, गती वाढली, संरक्षणाची एक पायरी कमी झाली. परंतु त्या प्रमाणात शेवटच्या हातापर्यंतचे शिक्षण व पडताळणी वाढली नाही. त्याची किंमत १९ गावकऱ्यांनी मोजली आणि त्यांपैकी कोणाचेही नाव या गाजलेल्या वादात पुढे आले नाही.

एक तुलना : सेंट लुईस, १९०१

मुल्कोवालच्या एक वर्ष आधी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात याच प्रकारची घटना घडली होती. घटसर्पावरील प्रतिविष तयार करण्यासाठी वापरलेल्या घोड्याला धनुर्वात झाला होता. त्याच्या रक्तापासून तयार केलेले दूषित औषध वाटपात गेले आणि त्यामुळे १३ बालके मृत्युमुखी पडली. तेथेही निष्काळजीपणाची चर्चा झाली. परंतु तिचा शेवट व्यक्तीच्या दोषावर झाला नाही. जुलै १९०२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जैविक औषधांच्या नियंत्रणाचा कायदा केला. लस व प्रतिविष तयार करणाऱ्यांना परवाना आवश्यक झाला, उत्पादनस्थळांच्या तपासणीचा अधिकार सरकारला मिळाला.

दोन्ही घटनांत मृत्यूचे कारण एकच, काळ जवळजवळ एकच. एका ठिकाणी कार्यस्थळाविषयी कायदा झाला. दुसऱ्या ठिकाणी एका माणसाविषयी निकाल लागला. वसाहती राजवटीत मृतांच्या वतीने विधिमंडळात आवाज उठविणारा प्रतिनिधी नव्हता आणि उत्पादन करणारी संस्था सरकारचीच होती. स्वतःच्या कार्यस्थळावर नियंत्रण आणणारा कायदा करण्याची निकड सरकारला वाटली नसावी, असे अनुमान करता येते. भारतात औषधांच्या गुणवत्तेविषयी चोप्रा समितीने १९३०–३१ मध्ये विचार केला आणि औषध कायदा १९४० साली अस्तित्वात आला. दोन देशांतील हे अंतर सुमारे ३८ वर्षांचे आहे.

परळमधील पुढील वाटचाल

दुर्घटनेनंतर परळची प्रयोगशाळा बंद पडली नाही, हे विशेष नमूद केले पाहिजे. डब्ल्यू. बी. बॅनरमन यांच्याकडे तिची सूत्रे आली. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाचे काम येथेच चालले आणि उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे ग्लेन लिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी प्रस्थापित झाले. १९०६ मध्ये संस्थेचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे झाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेग लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. मुल्कोवालसारखी एक घटना घडूनही एवढे काम उभे राहिले, याचे श्रेय नावानिशी ज्ञात असलेल्या संचालकांइतकेच त्या इमारतीत पात्रे धुणाऱ्या, बाटल्या भरणाऱ्या व मोहरबंद करणाऱ्या अनाम कर्मचाऱ्यांनाही द्यावे लागते.

१९२६ नंतर परळचे रूप बदलू लागले. त्या वर्षी महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देणगीदारांच्या विश्वस्तांनी एक अट घातली होती : महाविद्यालयातील अध्यापकवर्ग पात्र भारतीयांचाच असावा. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरिष्ठ पदे तोवर बहुतांशी युरोपियनांकडे असत आणि भारतीयांना अध्यापनाचा अनुभव मिळण्याचे मार्ग अरुंद होते. अनुभव नाही म्हणून पद नाही आणि पद नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र त्या अटीने तोडले. डॉ. जीवराज मेहता हे महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले. माणसांची क्षमता ही त्यांना मिळालेल्या संधीवर व विश्वासावर अवलंबून असते, हे परळने दाखवून दिले. त्याच परिसरात नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६), बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (१९२९) आणि टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) उभे राहिले. १९३५ साली मुंबई प्रांतात परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि डॉक्टरेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली.

हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये १९३२ साली साहिब सिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. १९४९ पर्यंतच्या त्यांच्या कार्यकाळात मांसरसाऐवजी केसीन हायड्रोलायझेटच्या माध्यमात जंतू वाढविणे आणि फॉर्मल्डिहाइडने ते मारणे अशी सुधारित पद्धत विकसित झाली. पद्धत पुन्हा बदलली. परंतु तोवर प्रयोगशाळेत प्रशिक्षित मनुष्यबळाची एक परंपरा तयार झालेली होती.

सोखी यांचे दुसरे कार्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. दर एक हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, त्याला वैयक्तिक व सामुदायिक आरोग्याचे व्यावहारिक शिक्षण द्यावे, अशी शिफारस या उपसमितीने केली. परळच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाने ही शिफारस करावी, यात इतिहासाची एक संगती दिसते. ज्या संस्थेची लस १९०२ मध्ये खेड्यापर्यंत पोहोचली, पण तिच्यासोबत शिक्षण पोहोचले नाही, त्याच संस्थेतून चार दशकांनी शिक्षित हात खेड्यापर्यंत पोहोचविण्याचा विचार पुढे आला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने या उणिवेचे आकडे देशापुढे ठेवले. त्या वेळी सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका.

निष्कर्ष

परळ प्रयोगशाळेच्या इतिहासावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आरोग्यसेवेत उत्पादकतेचे मोजमाप तयार झालेल्या मात्रांवर थांबू शकत नाही. ते मात्रेच्या शेवटच्या वापरापर्यंत न्यावे लागते. बाटली परळमध्ये भरली गेली तेव्हा उत्पादन पूर्ण झाले, असे मानले गेले. वस्तुतः ते मुल्कोवाल येथे पूर्ण व्हायचे होते.

२) पाहून शिकण्याची परंपरागत पद्धत ज्या कामात चूक लगेच दिसते तेथे उपयोगी पडते. जेथे चूक उशिरा व दूर प्रकट होते तेथे लेखी पद्धती, पडताळणी आणि नियमित प्रशिक्षण यांना पर्याय नाही.

३) कार्यपद्धतीतील कोणताही बदल हा प्रशिक्षणाचाही प्रसंग असतो. विशेषतः वेग वाढविण्यासाठी संरक्षणाची पायरी कमी केली जाते, तेव्हा तो भार कर्मचाऱ्याच्या हातावर येतो. त्या हाताला तयार न करता घेतलेला निर्णय कागदावर कार्यक्षम, पण प्रत्यक्षात धोकादायक ठरतो.

४) दुर्घटनेनंतर दोषी व्यक्तीचा शोध घेणे सोपे असते, त्यातून संस्थेला शिकता येतेच असे नाही. सेंट लुईस आणि मुल्कोवाल यांतील फरक शास्त्रीय ज्ञानाचा नव्हता, तर घटनेनंतर विचारलेल्या प्रश्नाचा होता.

५) साखळीतील सर्वांत कनिष्ठ कर्मचारी हा तिचा सर्वांत निर्णायक दुवा असतो. प्रशिक्षणाचा खर्च करताना मात्र त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. सोखी उपसमितीची शिफारस हा क्रम उलटा करणारी होती.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील बहुतेक गिरण्यांची चाके थांबत गेली आणि परळ–लालबागची ओळख बदलली. रुग्णालये व हाफकिनची संस्था मात्र तेथेच राहिली. आज त्यांच्या आवारात देशभरातून रुग्ण येतात आणि देशभरातील विद्यार्थी शिकतात. त्या आवारात नवे यंत्र, नवी पद्धत किंवा नवे उद्दिष्ट येते, तेव्हा ‘किती वाढले’ या प्रश्नासोबत ‘शेवटच्या हाताला हे कोणी शिकविले’ हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक आहे. तो प्रश्न १९०२ मध्ये वेळेवर विचारला गेला नाही, हीच या इतिहासाची नोंद आहे.